किती लिटर, किती उंच, आणि वीज गेल्यावर काय?

मार्च उतरणीला लागला की वर्धा जिल्ह्याच्या सेलू, सिंदी, केळझर या पट्ट्यातल्या इलेक्ट्रिकच्या दुकानांत कूलरचे पंप रचून ठेवलेले दिसतात. १८ वॉटचा, ४० वॉटचा, पाच फूट चढवणारा, सहा फूट चढवणारा. घरातल्या फिशटँकखाली सम्प बसवायचं ठरलं की गिऱ्हाईक आधी याच ढिगाकडे वळतं, आणि त्यात वेडेपणा काही नाही. खालचं पाणी वर नेऊन सोडायचं, कूलरमध्ये तेच काम आणि टाकीतही तेच. फक्त कूलरचा पंप बंद पडला तर माणूस घामाघूम होऊन उठतो आणि बघतो. टाकीचा पंप रात्री दोनला बंद पडला तर सकाळपर्यंत घरात कुणाला पत्ता नसतो.

ज्यांनी सम्प पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मुख्य टाकीच्या स्टँडमध्ये, कपाटाच्या आत, दुसरी एक उघडी टाकी असते. वरच्या टाकीचं पाणी काठावरच्या ओव्हरफ्लोतून आपोआप खाली उतरतं. मग ते स्पंज, सिरॅमिक रिंगा, हीटर असं करत शेवटच्या कप्प्यात येतं आणि तिथला पंप ते परत वर पाठवतो. हा रिटर्न पंप. त्याच्याबद्दल जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नापासून सुरू होतो: ताशी किती लिटर? माझं म्हणणं असं की वर्धा जिल्ह्यात हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी उंची, मग उष्णता, मग वीज जाणं, मग पाण्यातला क्षार. या चार चाळण्यांतून जे पंप खाली उतरतात त्यांच्यात लिटरचा फारसा वाद उरत नाही.

तरीही लिटरपासूनच सुरुवात करतो, कारण सगळा गोंधळ तिथे आहे. टाकीत जितकं पाणी, त्याच्या दहापट ताशी फिरलं पाहिजे, हा नियम जुन्या हौशी लोकांच्या तोंडी असतो. ३०० लिटरची टाकी असेल तर ३००० लिटरचा पंप. हा नियम आला कुठून? अमेरिकेत १९८६ मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखमालेनंतर वेट-ड्राय फिल्टरची, म्हणजे आजच्या सम्पच्या थोरल्या भावाची, लाट आली. त्या काळात टाकीच्या आत पाणी हलवायची साधनं मोजकी होती. एकाच पंपाने फिल्टरला पाणी पुरवायचं आणि माशांभोवती प्रवाहही ठेवायचा, अशी दुहेरी चाकरी होती. आज वेव्हमेकर मिळतात. काचेला चुंबकाने चिकटणारा हा छोटा पंखा अगदी थोड्या विजेवर टाकीतलं पाणी ढवळतो, कारण त्याला पाणी उचलावं लागत नाही. प्रवाहाचं काम त्याच्याकडे गेल्यावर रिटर्न पंपाकडे उरलं फक्त पाणी फिल्टरपर्यंत नेऊन आणणं.

त्याला किती लागतं, हे साध्या गणिताने काढता येतं. वरच्या टाकीत पाणी नीट मिसळत असेल आणि ताशी तिप्पट पाणी फिरत असेल, तर एका तासात सुमारे ९५ टक्के पाणी निदान एकदा तरी सम्पमधून जाऊन येतं. हीटरचंही तसंच. सम्पमध्ये २०० वॉटचा हीटर आहे आणि पंप ताशी फक्त ९०० लिटर देतोय असं धरा. मग वरच्या आणि खालच्या पाण्यात फरक पडतो ०.२ अंशांचा. डिसेंबरच्या रात्री विदर्भात पारा कितीही खाली गेला तरी माशाला एवढ्याने काही होत नाही. म्हणून गोड्या पाण्याच्या टाकीला तिप्पट ते पाचपट प्रवाह पुरतो. ३०० लिटरला ९०० ते १५०० लिटर. हे आकडे पंपाच्या डब्यावरचे नव्हेत, पाणी वर पोहोचल्यावरचे. दहापट प्रवाहाने बिघडत काही नाही, पण बिल वाढतं, ओव्हरफ्लो गुडगुडतो, आणि डिस्कससारखा संथ पाण्यातला मासा कोपऱ्यात दबून बसतो.

वरून खाली येणाऱ्या पाइपलाही मर्यादा असते. एक इंची सरळ ड्रेन पाइप शांतपणे ताशी दोन-सव्वादोन हजार लिटरच्या आसपासच पाणी उतरवतो. पंप त्याहून जास्त चढवू लागला तर जास्तीचं पाणी काठ ओलांडून फरशीवर येतं. म्हणून ड्रेन दोन असावेत, दुसरा कोरडा राहिला तरी चालेल. पानांचा एखादा तुकडा पहिल्यात अडकला की तोच उपयोगी पडतो.

आता उंची. इथे विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी काही शिकवायची गरज नाही. विहीर किती खोल, पाणी किती फुटांवर, पाइप किती लांब, मग तीन हॉर्सपॉवरची मोटर की पाचची, हा हिशेब गावात कुणालाही येतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये उभा राहिला, आणि पुढे तिथून निघालेले शेतीचे पंप मराठी मुलखाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले आहेत. हेड हा शब्द बांधावर सगळ्यांच्या तोंडी आहे. नवल असं की तोच माणूस फिशटँकचा पंप घेताना फक्त डब्यावरचा मोठा आकडा वाचतो. तो आकडा शून्य उंचीचा असतो. पंप बादलीत ठेवला आणि तोंड उघडं ठेवलं तर तेवढं पाणी निघतं. डब्यावर दुसरा एक आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो: कमाल उंची. त्या उंचीवर पंप फिरत राहतो, पण पाणी थेंबभरही पडत नाही. खरं काम या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी चालतं.

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच अशी टाकी घ्या. हे झाले साधारण ३०० लिटर. ती ९० सेंटिमीटर उंच स्टँडवर आहे. सम्पमधल्या पाण्याच्या पातळीपासून वरच्या पाण्याच्या पातळीपर्यंत अंतर भरतं सुमारे १.२ मीटर. मोजायचं ते पातळीपासून पातळीपर्यंत. पंप सम्पच्या तळाशी आहे म्हणून तळापासून मोजायचं कारण नाही. पाइप आणि एल्बो यांचं घर्षण धरून १.५ मीटर म्हणू. आता ताशी ३००० लिटर असं लिहिलेले दोन पंप समोर ठेवा. एकाची कमाल उंची २ मीटर, दुसऱ्याची ३ मीटर. उतार सरळ रेषेत धरला तर १.५ मीटरवर पहिला देतो ७५० लिटर आणि दुसरा १५००. डब्यावरचा मोठा आकडा दोघांचा एकच, प्रत्यक्ष पाणी दुप्पट. पंपाचा खरा आलेख थोडा वाकलेला असतो, त्यामुळे हे आकडे पुढे-मागे होतील, पण क्रम बदलणार नाही. सहा फुटांचा म्हणून विकला जाणारा कूलरचा पंप या टाकीवर केविलवाणा का वाटतो, त्याचं उत्तरही इथेच मिळतं.

परदेशी मापांची एक अडचण इथेच सांगून टाकतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५०. साधा एसी पंप विजेच्या कंपनाच्या तालावर फिरतो, त्यामुळे तोच पंप इथे सहाव्या हिश्श्याने हळू चालतो. प्रवाह तेवढाच घटतो, पण उंची वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे सुमारे ३० टक्के. अमेरिकी आकड्यांवर भुलून घेतलेला पंप इथे कमी पडला तर दोष त्याचा नाही.

घर्षण हा भाग लोक सोडून देतात. ताशी १५०० लिटर पाणी आतून २५ मिलिमीटर असलेल्या पाइपमधून नेलं तर दर मीटरला साडेतीन सेंटिमीटर उंची खाल्ली जाते. तेच पाणी २० मिलिमीटरमधून नेलं तर दहा सेंटिमीटर. एक एल्बो म्हणजे जवळजवळ एक मीटर सरळ पाइप. आणि प्रवाह दुप्पट केला तर हे नुकसान साडेतीन पटींच्या वर जातं. पंपाचं तोंड पाऊण इंची असलं तरी पुढे लगेच रिड्यूसर लावून एक इंची पाइप न्यावा. शंभर-दीडशे रुपयांत जो फायदा होतो तो पंपाचा मोठा नंबर घेऊन हजारात होतो.

या सगळ्या उचलाउचलीला खरी ताकद किती लागते? ताशी १५०० लिटर पाणी दीड मीटर चढवायला लागतात सहा वॉट. पंप मात्र घेतो २०, ४० किंवा ६० वॉट. उरलेली वीज जाते कुठे, हा केळझरच्या उन्हाळ्यातला खरा प्रश्न आहे. ती पाण्यात जाते. बुडवलेल्या पंपाची जवळपास सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. ६० वॉटचा पंप ३०० लिटर पाण्यात दिवसभर चालला आणि उष्णतेला बाहेर जायला वाटच नसती, तर पाणी दिवसाला चार अंशांनी तापलं असतं. मुंबईत किंवा पुण्यात ही गोष्ट हिशेबात धरली नाही तरी चालतं. वर्ध्यात नवतपाच्या दिवसांत, पारा ४५ अंशांच्या आसपास आणि त्यावरही असताना, टाकीचं पाणी आधीच ३१-३२ अंशांवर असतं. तिथे दोन अंशांनी जीव वाचतो किंवा जातो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांत ७.३. माशाची गरज तर उष्णतेबरोबर उलटी वाढते.

पण विदर्भाच्या कोरड्या हवेची एक देणगीही आहे, आणि कूलरवर वाढलेल्या माणसाला ती लगेच कळेल. सम्पमध्ये पाणी धबधब्यासारखं पडतं, पसरतं, वाहतं. म्हणजे कळत-नकळत तो लहानसा कूलरच झाला. एक लिटर पाणी उडालं की सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. ६० वॉटच्या पंपाची दिवसभराची सगळी उष्णता बाहेर काढायला दोन लिटरच्या थोडं वर पाणी उडालं की झालं. मे महिन्यात उघड्या सम्पमधून त्याहून जास्त सहज उडतं. वर कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा छोटा पंखा लावला तर पाणी हवेपेक्षा बरंच थंड राहतं. म्हणून कपाटाची दारं उन्हाळ्यात उघडी ठेवा, मागची फळी काढून टाका. बंद कपाटात सम्प ठेवून वरून चिलरचा विचार करणं मला हास्यास्पद वाटतं.

पावसाळ्यात ही सोय संपते. जुलैत कूलर जसा नुसता ओली हवा फेकतो तसाच सम्पवरचा पंखाही निरुपयोगी होतो. तेव्हा कमी वॉटचा पंप हाच उपाय. आणि उडालेल्या पाण्याची भरपाई कशाने करायची हाही प्रश्न आहेच. जिल्ह्याचा बराच भाग बेसाल्टवर आहे, विहिरींचं आणि बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. उडतं ते शुद्ध पाणी, क्षार टाकीतच मागे राहतो. रोज तीन लिटर बोअरचं पाणी घातलं तर महिन्याभरात किती क्षार साचेल, याचा अंदाज कूलरच्या जाळीवरचा पांढरा थर पाहून कुणालाही यावा. उडालेलं पाणी भरायचं ते आरओचं. बोअरचं पाणी वापरायचं ते पाणी बदलताना, तेही मासा कोणता आहे ते पाहून.

त्याच क्षाराने पंपही मरतो. एसी पंपाचा रोटर म्हणजे एक चुंबक, तो पाण्यातच फिरतो आणि पाण्यानेच थंड राहतो. त्याच्या आणि भोवतीच्या नळीच्या मध्ये केसभर जागा असते. तिथे चुन्याचा थर बसला की आधी घरघर, मग वीज गेल्यावर पुन्हा सुरू न होणं, मग शांतता. चालू असलेला पंप थर असूनही चालत राहतो, थांबलेला मात्र उठत नाही. म्हणून क्षाराचे बळी वीज परत आल्यावर उघड होतात. महिना-दोन महिन्यांनी पंप उघडून इम्पेलर काढावा, व्हिनेगर किंवा निंबूसताच्या पाण्यात तासभर बुडवून ठेवावा, जुन्या टूथब्रशने नळी घासावी. दांडी सिरॅमिकची असेल तर हात हलका ठेवावा, ती गंजत नाही पण मोडते. दांडी स्टीलची असेल तर गोड्या पाण्यात ठीक, खाऱ्या पाण्यात नको. घेताना दुकानदाराला विचारायचा सर्वात उपयोगी प्रश्न माझ्या मते हाच: इम्पेलर वेगळा मिळतो का? जर्मनीच्या एहाइमचे आणि इटलीच्या सिचेचे पंप महाग वाटतात, पण त्यांचे सुटे भाग मागवता येतात. सोबो, सनसन अशा चिनी नावांचे स्वस्त पंप नागपूरच्या दुकानात लगेच मिळतात. त्यांचा इम्पेलर बहुधा नव्या पंपाच्या रूपानेच मिळतो.

एसी की डीसी, या वादात आता डीसीचं पारडं जड आहे. डीसी पंपात ब्रश नसलेली मोटर आणि बाहेर एक कंट्रोलर असतो. बटण दाबून वेग कमी-जास्त करता येतो, मासे खात असताना दहा मिनिटं थांबवता येतो. तेवढ्याच पाण्याला तो बऱ्याचदा एसीच्या निम्मी किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. चीनच्या जेबाओसारख्या कंपन्यांनी हे पंप मध्यमवर्गीय हौशीच्या आवाक्यात आणले. एसीचा प्रवाह कमी करायचा तर पाण्याच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला व्हॉल्व्ह लावावा लागतो. ओढणाऱ्या बाजूला कधीही लावू नये.

गावातला व्होल्टेज हा या वादातला दुर्लक्षित मुद्दा आहे. संध्याकाळी बल्ब पिवळे पडतात तेव्हा एसी पंपाचा वेग कमी होत नाही, कारण तो कंपनावर चालतो. ताकद मात्र कमी होते, आणि थरामुळे आधीच अडखळणारा रोटर तेव्हाच हार मानतो. डीसी पंपाच्या अडॅप्टरला १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही चालतं, कमी दाबाचं त्याला काही वाटत नाही. पण मान्सूनपूर्व वादळात वीज कडाडून दाब एकदम उसळला की पहिला जातो तो अडॅप्टरच. म्हणून डीसीला सर्ज प्रोटेक्टर हवा, आणि कंट्रोलर कपाटाच्या बाहेर, वर, कोरड्या जागी. सम्पच्या दमट हवेत ठेवलेला कंट्रोलर वर्षभर टिकला तर नशीब. मोटर सहसा ठणठणीत राहते, मरतो तो डबा. दोन्ही प्रकारांत वायर प्लगला जाण्याआधी खाली झोका घेऊन वर जावी, म्हणजे वायरीवरून घरंगळलेला थेंब प्लगमध्ये न शिरता झोक्यातून खाली पडतो. अर्थिंग खरं असावं, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर पंपाच्या आधी तो घ्यावा.

बाहेर बसवायचे पंप वेगळे. त्यांची बरीचशी उष्णता हवेत जाते, हे उन्हाळ्यात चांगलंच. पण गळतीचा धोका, आवाज आणि किंमत यांमुळे घरगुती टाकीला ते क्वचितच परवडतात. नळाचं पाणी ओढायचा टिल्लू पंप घरात पडलेला असतो म्हणून तोच सम्पला जोडावा असं कुणाच्या मनात आलं तर सोडून द्यावं. तो अखंड चालण्यासाठी नाही, आणि त्यातल्या पितळेचं तांबं झिंग्यांना आणि गोगलगायींना विष आहे.

बिलाचा हिशेब केळझरात थोडा पौराणिक होतो. विदर्भाच्या अष्टविनायकांतला एकचक्रा गणेश इथला. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच, असं गाव सांगतं. रोज न चुकता गाडाभर जेवण मागणारा तो राक्षस, आणि रोज चोवीस तास न थांबता वीज खाणारा हा पंप. ६० वॉटचा पंप महिन्याला ४३ युनिट खातो, २० वॉटचा १४. वर्षाला फरक ३५० युनिटांचा. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांपर्यंत एक टप्पा आणि त्याच्या पुढे ३०० पर्यंत दुसरा, बराच महाग. ज्या घरात महिन्याला ८०-९० युनिट लागतात तिथे ६० वॉटचा पंप घराला पहिल्या टप्प्यातून बाहेर ढकलतो, २० वॉटचा ढकललाच तर थोडक्यात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला साडेतीन हजार वाचतात. डीसी पंपाच्या जास्तीच्या किमतीची भरपाई दीड-दोन वर्षांत होते, अर्थात कंट्रोलर तेवढं जगला तर.

आता वीज जाणं. २००० नंतरच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्राने जे लांबलचक भारनियमन भोगलं ते आता नाही. गावठाणाचे फीडर शेतीपासून वेगळे काढल्यावर गावातल्या घरांचं बरंच बरं झालं. शेतातल्या घराचं तसं नाही. शेतीच्या फीडरवर थ्री फेज आठ-दहा तासच, कधी दिवसा, कधी रात्री. गावातसुद्धा मे-जूनच्या वादळात तार तुटली तर अर्धा दिवस सहज जातो. पंप निवडताना हे लक्षात ठेवायचं, कारण वीज जाते तेव्हा दोन गोष्टी होतात आणि दोन्ही पंपाशी जोडलेल्या आहेत.

पहिली, पाणी उलटं येतं. पंप थांबला की रिटर्नचा पाइप सायफन होतो, आणि नोझल पाण्याच्या जितकं खाली तितकं पाणी सम्पमध्ये उतरतं. आपल्या चार फुटी टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे ५.४ लिटर. नोझल पाच सेंटिमीटर बुडालेलं असेल तर २७ लिटर, वर ओव्हरफ्लोचं आणि पाइपातलं मिळून दहा. हे ३७ लिटर ७५ बाय ३५ सेंटिमीटरच्या सम्पमध्ये पातळी १४ सेंटिमीटरने वर नेतात. एवढी जागा रिकामी नसेल तर पाणी खोलीभर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावून निश्चिंत होणारे पुष्कळ असतात. त्याच्या झडपेत गोगलगायीचं पिल्लू किंवा शेवाळ अडकलं की तो उघडा तो उघडाच. त्यापेक्षा पाण्याच्या पातळीखाली एक सेंटिमीटरवर पाइपला बारीक भोक पाडावं. पातळी तिथवर आली की हवा शिरते आणि सायफन तुटतो, एकूण पाणी येतं पंधरा-सोळा लिटर. ते भोक दर आठवड्याला काडीने साफ करायचं. आणि पाणी भरून, सगळं चालू करून, मुद्दाम प्लग काढून बघायचं. ही चाचणी न करता टाकीत मासे सोडणाऱ्याला मी धाडसी म्हणेन.

दुसरी गोष्ट प्राणवायूची. प्रवाह थांबला की गरम पाण्यातल्या गर्दीच्या टाकीत मासे तास-दोन तासांत वर येऊन तोंड उघडायला लागतात. सम्पमधले, अमोनिया पचवणारे जीवाणूही गुदमरतात. मात्र उघड्या सम्पमध्ये ते बंद कॅनिस्टर फिल्टरपेक्षा जास्त वेळ तग धरतात. इथे डीसी पंपाचा खरा फायदा दिसतो. घरच्या १५० अँपिअर-तासाच्या इन्व्हर्टर बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. त्यातले निम्मेच वापरायचे ठरवले तरी वेग उतरवून १५ वॉटवर चालवलेला पंप दोन दिवस जातो, अर्थात पंखे आणि दिवे त्याच बॅटरीवर नसतील तर. एसी पंप स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर चालतो खरा, पण गुणगुणतो आणि तापतो. साइन वेव्ह असेल तरच त्याला जोडावा. आणि इन्व्हर्टरच नसेल तर रिटर्न पंपाचा विचार बाजूला ठेवून आधी बॅटरीवर चालणारा एअर पंप घ्यावा. चारपाचशे रुपयांचं हे यंत्र वीज गेल्यावर आपोआप सुरू होतं, आणि वादळाच्या रात्री मोठ्या पंपापेक्षा तेच जास्त मासे वाचवतं.

खाऱ्या पाण्याची टाकी हा वेगळा पंथ. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये तारापोरवाला मत्स्यालय सुरू झालं तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडे होता. विदर्भातल्या माणसाला मिठाची पिशवी आणि आरओचं पाणी यांतून समुद्र बनवावा लागतो. अशा टाकीलाही रिटर्न पंपाचा नियम तोच, तीनपट ते पाचपट. प्रवाळांना लागणारा जोरदार प्रवाह वेव्हमेकरने द्यायचा. फक्त सिरॅमिक दांडी आणि नियमित सफाई यांत सूट नाही.

मग आपल्या ३०० लिटरच्या टाकीला घ्यायचं काय? कमाल उंची तीन मीटर किंवा जास्त असलेला, डब्यावर अडीच ते तीन हजार लिटर लिहिलेला डीसी पंप, पूर्ण ताकदीच्या खाली, साठ-सत्तर टक्क्यांवर चालवलेला. तो शांत राहतो, कमी तापतो, आणि थर बसून प्रवाह घटला तर वेग वाढवायला जागा शिल्लक असते. डीसी परवडत नसेल तर ४० वॉटच्या आसपासचा, सिरॅमिक दांडीचा एसी पंप. कूलरचा पंप मात्र दुसऱ्या पंपाच्या जागी चांगला. कपाटात तयार ठेवलेला, पाइपाला बसतो की नाही हे आधीच पाहून ठेवलेला. मुख्य पंप रविवारी रात्री गेला तर कुरिअर मुंबईहून येईपर्यंत तीन-चार दिवस तोच टाकी ओढतो. उन्हाळ्यात कुठल्याही दुकानात मिळतो, हाच त्याचा सर्वात मोठा गुण.

पैसे सगळे एकाच पंपावर न घालता दोन छोटे पंप, दोन वेगळ्या पाइपांनी, असंही काही जण करतात. एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. मोठ्या टाकीला हे मला पटतं. चार फुटीत मात्र दोन पाइप, दोन भोकं, दोन सफाया नकोशा होतात.

दुकानातच खात्री करून घ्यायची असेल तर पंप दुकानदाराच्या टाकीत सोडावा, पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीपासून दीड मीटर वर धरावं आणि वीस लिटरचा पाण्याचा कॅन भरायला किती सेकंद लागतात ते मोबाइलवर मोजावं. ४० सेकंदांत भरला तर ताशी १८०० लिटर, ४८ सेकंदांत १५००. एक मिनिट आणि वीस सेकंद लागले तर ९००, तेही चालेल. दोन मिनिटांच्या वर गेला तर डब्यावर काहीही लिहिलेलं असो, दुसरा दाखवा म्हणावं.